लहान घरातील कुटुंबसंगोपन : कोराडी परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

लहान घरात कुटुंब कसे वाढते, या प्रश्नाची चर्चा बहुधा क्षेत्रफळापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत लेखाचा रोख थोडा निराळा आहे. दोन खोल्यांच्या घराची खरी अडचण जागेइतकीच वेळेची असते, आणि विदर्भात ही अडचण ऋतूनुसार बदलते, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

नागपूरच्या उत्तरेस असलेले कोराडी हे जगदंबेच्या देवस्थानासाठी आणि औष्णिक वीज केंद्रासाठी सर्वपरिचित आहे. केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्यानंतर गावाभोवती नोकरदारांची वसाहत, ठेकेदारी कामगारांच्या खोल्या आणि भाड्याची घरे अशी मिश्र वस्ती वाढत गेली. त्यांपैकी छोट्या भाड्याच्या घरातील पाच माणसांचे कुटुंब येथे डोळ्यांसमोर आहे : आई-वडील, दोन मुले आणि एक वृद्ध आजी.

खोली म्हणजे काय?

२०११ च्या जनगणनेत निवासी खोलीची व्याख्या होती ती किमान २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद व २ मीटर उंच अशी. स्वयंपाकघर, न्हाणीघर त्यात मोजले जात नव्हते. या गणनेनुसार देशातील ३७.१ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. राष्ट्रीय इमारत संहिता मात्र घरात एकच राहती खोली असल्यास ती किमान ९.५ चौरस मीटरची असावी असे मानते. म्हणजे जनगणनेच्या दृष्टीने जी 'खोली' ठरते, ती संहितेच्या दृष्टीने एखादे कोठार ठरू शकते! २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने शहरी दुर्बल घटकांसाठी ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा धरली. पाच माणसांत माणशी ६ चौरस मीटर. त्यातून दिवाण, कपाट, गॅसची शेगडी, पाण्याची पिंपे आणि देव्हारा वजा केल्यास काय उरते, हे वाचकांनी स्वतःच ताडावे.

हे मोजमाप आवश्यक आहे. दाटीच्या निवासामुळे क्षयासारखे संसर्गजन्य रोग पसरतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या निवासविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दाटी कमी करण्याची ठाम शिफारस केली आहे. परंतु केवळ भिंतींच्या आतील जागा मोजल्याने संगोपनाचे चित्र अपुरे राहते. १९२० च्या दशकात बांधलेल्या मुंबईच्या बीडीडी चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची होती. तरीही तेथे पिढ्या वाढल्या, कारण खोलीबाहेरचा सामाईक मार्ग हा घराचाच भाग होता. मुले तेथे खेळत, पुरुष तेथे झोपत. त्या खोलीचे उदात्तीकरण येथे अभिप्रेत नाही. सामाईक शौचालयापुढील रांग आणि नव्या नवरा-बायकोला न मिळणारा एकांत यांची किंमत प्रामुख्याने स्त्रियांनीच मोजली. पुनर्विकासात वरळीतील पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, ती उचितच होय.

उन्हाळ्यातील घर

कोराडी परिसरातील जुन्या घरांत चाळीतील त्या मार्गाचे काम छपरी आणि अंगण करीत असे. सायंकाळी सडा घालून अंगणात खाटा टाकल्या की दोन खोल्यांच्या घराला तिसरी, सर्वांत मोठी खोली मिळे. आज अंगणाच्या जागी वरचा मजला चढला आहे. गच्ची असली तरी ती बहुधा घरमालकाची असते. शिवाय कोळशावर चालणाऱ्या केंद्राच्या शेजारी उघड्यावर झोपणे, वाळवण घालणे यांत राखेचा प्रश्न येतो, कारण भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते.

मे महिन्यात येथील पारा अनेकदा ४५ अंशांपुढे जातो. सामान्य कुटुंबाचा आधार म्हणजे कूलर. कूलर एका खोलीची एकमेव खिडकी अडवितो आणि त्याची ओलसर हवा बाहेर जावी म्हणून दार किलकिले ठेवावे लागते. कूलर एक, म्हणून थंड खोली एक. अशा रीतीने दोन खोल्यांचे घर एप्रिल ते जून या काळात व्यवहारतः एका खोलीचे होते. आजीला पंख्याचा आवाज नको, धाकट्याला दूरदर्शन संच हवा, वडील रात्रपाळी करून दुपारी झोपलेले, आणि आई दुसऱ्या खोलीत शेगडीपुढे. या वेळापत्रकात सर्वांत तापलेली खोली कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगणे नको.

अभ्यासाचा प्रश्न

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा नेमक्या याच सुमारास येतात. ज्या घरात रात्री दहानंतर दिवा मालवावा लागतो, त्या घरातील विद्यार्थी पहाटे चारला उठतो किंवा मित्राच्या घरी जातो. विद्यार्थिनीला हा दुसरा पर्याय बहुधा मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत एकाच भ्रमणध्वनीवर दोन भावंडांचे तास सुरू झाले, तेव्हा अनेक प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या घरातील आवाज प्रथमच ऐकू आले. कुकरची शिट्टी, भांडण, आजीचा खोकला. वर्गात गैरहजर किंवा पेंगुळलेल्या विद्यार्थ्यास आपण 'निष्काळजी' म्हणतो, तेव्हा हे आवाज आठवावेत.

घराचे क्षेत्रफळ वाढविणे महाविद्यालयाच्या हाती नाही. मात्र अनेक ठिकाणी सायंकाळी बंद होणारी अभ्यासिका एप्रिल-मेमध्ये रात्री नऊपर्यंत उघडी ठेवणे, तेथे कूलर व पिण्याचे पाणी असणे आणि मुलींच्या परतीची सोय पाहणे, हे ग्रंथालय समितीच्या एका ठरावाने होण्यासारखे आहे. हा ठराव जानेवारीतच व्हावयास हवा. एप्रिलमध्ये तो केला, तर कूलरच्या ताट्या बदलण्यातच परीक्षा उलटून जाते.