दोन टनांची गाडी, इंधन कोणते?

वापरलेली मोठी, आलिशान गाडी घेताना बहुतेक जण किती किलोमीटर झाले ते पाहतात. ते कोठे झाले, हे अधिक महत्त्वाचे.

डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या भागात दाबली जाते, पेट्रोल इंजिनात साधारण दहाव्या. डिझेल कमी लागते ते मुख्यतः यामुळेच. पण काजळी होते. भारतात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानक आले आणि काजळी अडवणारी गाळणी डिझेल मोटारींत सर्रास बसू लागली. साठलेली काजळी जाळायला तिथे सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग धावावी लागते. घर, शाळा, बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर गाळणी तुंबते, आणि बदलणे भलतेच महाग! अशा वापराला पेट्रोल बरे.

आणि हायब्रिड? दोन टनांच्या गाडीची ताशी ५४ किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा २२५ किलोज्यूल भरते (हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे). साध्या गाडीत ती दर सिग्नलला ब्रेक तापवण्यात जाते. हायब्रिड तिचा काही भाग बॅटरीत परत घेते. महामार्गावर ब्रेक क्वचित, म्हणून हा लाभही थोडाच. जुन्या हायब्रिडची बॅटरी मात्र आधी तपासून घ्यावी.