नवा मोडेम घेण्याआधी जुन्याचे दिवे वाचा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते आणि नेमके तेव्हाच घरातले इंटरनेट जाते. घरातले सगळे एकच निदान करतात, "मोडेम गेला!" तक्रारीनंतर आलेला माणूसही पुष्कळदा तेच म्हणतो आणि नव्या डब्याचे पैसे सांगतो. ज्या घरात महिन्याचा रिचार्जच ओढूनताणून होतो, तिथे हा खर्च छोटा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की पैसे काढण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे आपण स्वतः पाहावे. त्याला इंजिनिअर असावे लागत नाही.

आज बऱ्याच घरांत तांब्याच्या टेलिफोन वायरीऐवजी फायबर आली आहे. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश येतो आणि डबा त्याचे इंटरनेटमध्ये रूपांतर करतो. या डब्याचे तांत्रिक नाव ओएनटी, पण सगळे मोडेमच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. त्याला आधी वीज लागते, मग प्रकाश, मग कंपनीच्या यंत्रणेत नोंद आणि शेवटी घरातले वायफाय. यातली एक कडी तुटली तरी मोबाईलवर दिसते तेच, नेट नाही. कोणती कडी तुटली हे दिवे सांगतात.

एकही दिवा लागत नसेल, तर आधी दुसरे सॉकेट वापरून पाहा. तरीही अंधारच असेल, तर पहिला संशय मोडेमवर नाही, अ‍ॅडॉप्टरवर घ्या. तो बिचारा चोवीस तास तापत असतो. त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात आणि मग गंमत अशी होते, की मल्टिमीटर लावला तर व्होल्ट बरोबर दिसतात, पण मोडेम जोडला की दाब कोसळतो. दिवे लागतात, विझतात, पुन्हा लागतात. मोडेम सारखा रीस्टार्ट होत असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. शेजाऱ्यांचा अ‍ॅडॉप्टर पाच मिनिटे मागून आणा, मात्र त्यावरची बारीक अक्षरे वाचा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या अधिक-उणेचे चित्रही सारखे. १२ व्होल्टच्या मोडेमला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावलात, तर चांगला मोडेम खरोखरच जाईल. नवा अ‍ॅडॉप्टर मोडेमच्या मानाने फार स्वस्त पडतो.

'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर घरापर्यंत प्रकाश पोचत नाही. इथे मोडेम बहुधा निर्दोष असतो. उंदराने वायर कुरतडली असेल, रस्त्याच्या खोदकामात तुटली असेल, किंवा घरातच कुणी ती खिळ्याला घट्ट गुंडाळली असेल. काचेला तीव्र वळण चालत नाही, प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. गुंडाळी सैल करून पाहा. फायबरचे टोक मात्र काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. बोटाचा तेलकट डागही त्या टोकाला पुरेसा असतो, म्हणून सदऱ्याने पुसण्याचा मोह टाळा.

'पॉन'चा दिवा नुसताच लुकलुकत असेल, तर प्रकाश येतो आहे, पण नोंद होत नाही. मोडेमच्या सेटिंगचे पान उघडता आले (पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, नक्की पत्ता डब्याखाली छापलेला असतो), तर तिथे येणाऱ्या प्रकाशाचा आकडा पाहा. तो उणे २७ डीबीएमपेक्षा खाली असेल, तर लाइन कमजोर आहे. हा आकडा लिहून ठेवा. "मोडेम बदला" म्हणणाऱ्याशी बोलताना तो कामी येतो.

सगळे दिवे ठीक आणि तरी नेट नाही? प्लॅन संपला आहे का पाहा. मग लॅपटॉप लॅन वायरने जोडा. वायरवर चालते आणि हवेत चालत नाही, तर दोष वायफायचा. ८.८.८.८ ला पिंग जाते, पण एकही साइट नावाने उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, तो सेटिंगमध्ये बदलता येतो.

या सगळ्यात एक गोष्ट करू नका. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट. बंद करून चालू करणे वेगळे आणि हे वेगळे. रीसेटने कंपनीने भरलेले युजरनेम-पासवर्ड पुसले जाऊ शकतात आणि साधा बिघाड दोन दिवसांचा होतो.

मोडेम खरोखर जातो तेव्हा? योग्य अ‍ॅडॉप्टर लावूनही अंधार राहतो, किंवा लाइनमनच्या मीटरवर त्याच वायरीत प्रकाश चांगला असूनही एलओएस लालच राहतो. वळवाच्या पावसात वीज पडल्यावर लॅनचे पोर्ट जळतात आणि वायफाय मात्र चालू राहते, असेही होते. काच वीज वाहून नेत नाही, पण घरातले सॉकेट नेते, म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा.

अशा वेळीही लगेच खिशात हात घालू नका. अनेक प्लॅनमध्ये मोडेम कंपनीच्याच मालकीचा असतो, आपण फक्त अनामत किंवा भाडे भरतो. जुने बिल काढून ते आधी तपासा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि बदलीचे पैसे नेमके कशाचे, हे लेखी विचारा.