साठ्याचे मान आणि खेळयंत्राचे आयुष्य

अडकलेला माल पेढीचे आयुष्य कमी करतो, हे आम्हां व्यापाऱ्यांस नवे नाही. जपानच्या दोन खेळयंत्रांची कथा हेच सांगते. १९९४ साली सोनीने आणलेल्या प्लेस्टेशनची स्वस्त तबकडी सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर सामावून घेई. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ ने महाग कार्ट्रिजच राखले; त्याची कमाल धारणा ६४ मेगाबाइट. ते जलद व टिकाऊ खरे. परंतु आगाऊ बनवून घ्यावे लागे, आणि खेळ न खपल्यास भांडवल गुंतून पडे. तबकडी मागणीनुसार त्वरित छापता येई. साहजिकच १९९७ चा तीन तबकड्यांचा ‘फायनल फॅन्टसी ७’ प्लेस्टेशनकडे गेला. त्या यंत्राचे उत्पादन २००६ पर्यंत चालले व खप १० कोटींवर गेला. प्रतिस्पर्धी सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबला. मालाची उत्तमता आवश्यकच. पण साठ्याचा भार हलका ठेवणेही तितकेच अगत्याचे, एवढेच आम्ही सभासद-बंधूंस सविनय सुचवितो.