ध्वनिमिश्रणातील गायनपातळीचे संतुलन

ध्वनिमुद्रित गीतात काही शब्द ठळक, तर काही वाद्यमेळाखाली दबलेले ऐकू येतात. ही पातळी कशी सांधली जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१९२५ पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण होई. तेव्हा तार स्वर लावताना गायक मागे सरके व मंद्र स्वरांना पुढे येई. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, हे त्यामागील तत्त्व होय.

आज हेच कार्य सामान्यतः दोन टप्प्यांत होते. प्रथम फेडरच्या साहाय्याने एकेका शब्दाची पातळी हाताने जुळवली जाते. त्यानंतर कॉम्प्रेसर योजला जातो. ४:१ या प्रमाणात ठरवलेल्या मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेलेला स्वर केवळ २ डेसिबल वर राहतो. पहिला टप्पा वगळल्यास कॉम्प्रेसरवर अधिक भार पडतो आणि एकंदर पातळी पुन्हा वाढवताना श्वासाचा व खोलीतील आवाजही उठून दिसतो.

तथापि सर्व गायनास एकच माप लावता येत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे उत्तरायुष्यात नाशिक येथे वास्तव्य होते. त्यांचे पुत्र पं. द. वि. पलुस्कर (१९२१-१९५५) यांच्या ध्वनिमुद्रित भजनांत स्वराचा हळुवार चढ-उतार भावाशी निगडित आहे. अशा गायनाची पातळी सरसकट सपाट केल्यास शब्द स्पष्ट होतील. परंतु भाव हरवेल. म्हणून गायकाचा हेतुपुरस्सर मंद स्वर आणि केवळ अंतरामुळे दबलेला स्वर यांतील भेद कानांनी ओळखणे, हे ध्वनिमिश्रकाचे प्रथम कर्तव्य ठरते.