नागीण, मूग आणि मलकापूरचं ऊन

चिखली असो की मेहकर, वरात चौकात आली की बँडवाला नागिणीची धून काढतो आणि कुणीतरी रुमाल दातात धरून थेट जमिनीवर लोळण घेतो. ती धून मुळात पुंगीवर वाजलेलीच नाही! 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटासाठी ती वाजवली कल्याणजींनी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या कल्याणजींनी. वाद्य होतं क्लेव्हियोलिन, विजेवर चालणारा छोटासा कीबोर्ड. फ्रान्सच्या कॉन्स्तां मार्तां यांनी तो 1947 मध्ये तयार केला. सिंथेसायझरचं नाव ज्याच्यामुळे घरोघर पोचलं, त्या रॉबर्ट मूग यांचं पहिलं यंत्र आलं 1964 मध्ये. तोवर आपल्याकडे दहा वर्षं विजेच्या सुरावर नागीण डान्स सुरू होता. बीटल्सनीही क्लेव्हियोलिन वाजवला, पण 1967 मध्ये.

तेव्हा सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरचा एखादा लाइव्ह अल्बम कानाला लावताना बुलढाणेकरांनी बिचकण्याचं कारण नाही. कान केव्हाचा तयार आहे. सोबत घ्या या काही गमती.

घाटावर सुरात, घाटाखाली बेसूर

जुन्या सिंथेसायझरचा स्वर ऑसिलेटर नावाच्या सर्किटमधून निघतो आणि ते सर्किट तापमानाला फार हळवं असतं. यंत्र तापलं की स्वर सरकतो. टँजरीन ड्रीम या जर्मन चमूच्या ‘फेड्रा’ (1974) या अल्बममध्ये हे चक्क ऐकू येतं: वाजता वाजता त्यांचा मूग सिंथेसायझर गरम होत गेला, खालचा स्वर घसरत गेला आणि त्यांनी ते तसंच रेकॉर्डवर ठेवलं. आता कल्पना करा, बुलढाण्याच्या गार हवेत सुरात लावलेलं असं वाद्य राजूर घाट उतरून मे महिन्यात मलकापूरला नेलं, तर कार्यक्रमाआधी पुन्हा सगळं लावत बसावं लागेल. म्हणून लाइव्ह रेकॉर्डिंगला मोल. स्टुडिओत चूक पुसता येते. मंचावर दिव्यांची उष्णता, विजेचे चढउतार आणि वादकाची बोटं, सगळ्यांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता करावा लागतो. मला तर या संगीतातली सगळ्यात जिवंत जागा तीच वाटते: स्वर जरासा ढळतो आणि वादक तो हलकेच जागेवर आणतो.

एका वेळी एकच सूर

1970 मध्ये आलेल्या मिनीमूगवर दोन पट्ट्या दाबल्या तरी सूर एकच निघतो. पियानोवाल्याला ही अडचण, पण आपल्या रागसंगीताला अडचण कसली? शहनाई, बासरी, गळा, सगळे एका वेळी एकच सूर काढतात. शिवाय डाव्या हाताला एक चाक. ते फिरवलं की सूर सरकत जातो आणि मींड घेता येते. हिंदी चित्रपटसंगीतात हे वाद्य सत्तरच्या दशकात आणलं कर्सी लॉर्ड यांनी. ॲकॉर्डियनपासून ग्लॉकेनस्पीलपर्यंत काय काय वाजवणारा हा मुंबईचा पारशी वादक. त्या काळातल्या गाण्यांत कुठे विचित्र, घरंगळणारा आवाज आला की यांची आठवण काढावी.

अहमदाबादचा मूग

मूग भारतात प्रथम रुजला तो सिनेमात नव्हे, डिझाइनच्या शाळेत. 1969 मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग बसवला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर प्रयोग केले. चारेक वर्षांत ते थांबले आणि टेप कपाटात गेल्या. ब्रिटनच्या पॉल पर्गस यांनी त्या पुन्हा उजेडात आणल्या. 1969 ते 1972 मधलं हे काम 2023 मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध झालं. अर्धशतक झाकून राहिलेला तो आवाज आज आपल्या मोबाइलवर वाजतो, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

यमन, मालकंस आणि ढिशक्यांव

चरणजीत सिंग हे मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-8 कीबोर्ड, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 ही खर्जाची डबी. आणि 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. ललित, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी, सगळे रांगेत. रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही.

आता गंमत पाहा. टीबी-303 गिटारवाल्याला साथ म्हणून बनवली होती. ती खपली नाही, 1984 मध्ये बंदही झाली. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली तेव्हा शिकागोच्या तरुणांनी तिची बटणं मनसोक्त पिळली आणि 1987 मध्ये ‘ॲसिड हाउस’ नावाचं नवं नृत्यसंगीत जगासमोर आलं. मुंबईचे यमन-मालकंस त्याच्या पाच वर्षं आधीचे! एका डच संग्राहकाच्या हाती जुनी रेकॉर्ड लागली, 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग युरोपच्या मंचांवर तरुण श्रोत्यांसमोर वाजवू लागले. 2015 मध्ये ते गेले. त्या डबीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ती त्यांना मींडेसाठी सापडली. शिकागोवाल्यांनी तिचाच चीत्कार केला.

मंचावरच्या करामती

क्राफ्टवर्क हा जर्मन चमू 1981 च्या जगदौऱ्यात मुंबईत वाजवून गेला. त्या दौऱ्यात पॉकेट कॅल्क्युलेटरच्या गाण्याला ते हातातली छोटी यंत्रं पुढच्या रांगेतल्या लोकांपुढे धरत आणि बटणं त्यांनाच दाबू देत.

त्याच वर्षी फ्रान्सचा झाँ-मिशेल जार चीनमध्ये पाच कार्यक्रम करून आला, बीजिंग आणि शांघायमध्ये. प्रकाशाच्या झोतात हात घातला की सूर निघावा अशी लेझरची वीणा त्याच्यासोबत होती. एका रचनेत चिनी पारंपरिक वाद्यवृंदही वाजला. ‘द कॉन्सर्ट्स इन चायना’ हा जोड-अल्बम 1982 चा.

जपानच्या इसाओ तोमितानं 1984 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला कमालच केली. डॅन्यूबकाठी जमलेल्या गर्दीच्या डोक्यावर, काचेच्या पिरॅमिडमध्ये बसून तो वाजवत होता. त्याचाही लाइव्ह अल्बम आहे. असं काही लोणार सरोवराच्या काठावर ऐकायला मिळावं असं फार वाटतं. पण ते अभयारण्य आहे, तेव्हा तिथे पक्ष्यांचंच चालू द्यावं आणि आपण घरी येऊन हेडफोन लावावा.

घरातला सिंथेसायझर

भजनाच्या पेटीशेजारी जो इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, तोही याच कुळातला. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी तो 1979 मध्ये बनवला. मूळच्या डब्यात तार एकही नव्हती, स्वर सर्किटमधूनच यायचे.

आणि बेंजो पार्टी! त्यातलं बटणांचं तंतुवाद्य जपानच्या नागोयात 1912 मध्ये गोरो मोरिता यांनी काढलेल्या ताइशोगोतोचं वंशज. आपल्याकडे ते आधी बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप आणि अँप्लिफायर लागला. शेजारी कॅसिओचा कीबोर्ड, शिवाय रोलँडनं 1985 मध्ये आणलेल्या ऑक्टापॅडचा वंश. वरातीत मोबाइलवर केलेलं बेंजो पार्टीचं रेकॉर्डिंग ऐका. शिट्ट्या, जनरेटरची घरघर, मधेच वाढवलेला ठेका. लाइव्ह अल्बमची सगळी लक्षणं त्यात आहेत.

सुरुवात कुठून?

टँजरीन ड्रीमचा ‘रिकोशे’ (1975) घ्या. फ्रान्स-इंग्लंडच्या दौऱ्यातून आलेला, दोन बाजूंना दोनच लांब रचना. चमूतल्या क्रिस्तोफर फ्रांकेकडचा मोठा मूग पूर्वी मिक जॅगरचा होता. आधी दुसरी बाजू लावा. पियानो एकटाच सुरू होतो. मग सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांची ठरलेली माळ फिरवत ठेवणारं यंत्र, आत येतं. तबल्याच्या सोलोला लेहरा जसा धरून ठेवतो, तसं ते धरून ठेवतं आणि बाकीचे वादक त्यावर खेळत सुटतात. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर नको. खर्ज तिथे मरतो.