मध्यरक्षकाची पारख

दिल्लीत सरोजिनी नगरपासून जवळच, आयएनए वसाहतीत असलेल्या त्यागराज क्रीडा संकुलात ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि त्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणवर ३१-२८ अशी मात केली. निसटत्या फरकाच्या त्या विजयात फजल अत्राचली या इराणी डाव्या कोपरारक्षकाने अखेरच्या क्षणांत केलेली पकड मोलाची ठरली. अशा पकडी प्रेक्षकांच्या स्मरणात राहतात, चढाईपटूंचे गुण तर सर्वांच्या तोंडी असतात. मात्र कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, साखळीत उभ्या असलेल्या मध्यरक्षकाचे काम इतके आडोशाचे असते, की महाविद्यालयीन स्पर्धांतून व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडायचा झाल्यास सर्वांत अवघड पारख त्याचीच ठरते.

सात बचावपटूंच्या रचनेत दोन टोकांना कोपरारक्षक असतात आणि त्यांच्या आतील बाजूने इतर खेळाडू हातात हात घालून साखळी करतात. कोपरारक्षक चढाईपटूचा घोटा किंवा मांडी धरतो. पण तेथून निसटून मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूची वाट समोरून अडवणे, म्हणजे ज्याला खेळाडू ‘ब्लॉक’ म्हणतात ते करणे, किंवा अंगाची धडक देऊन त्याला मैदानाबाहेर लोटणे, म्हणजे ‘डॅश’ मारणे, हे मध्यरक्षकाचे कर्तव्य असते. पकडीचा गुण एका बचावपटूच्या नावावर लिहिला जातो. तो मिळवून देण्यासाठी ज्याने चढाईपटूला कोपऱ्यात कोंडले, त्याची नोंद गुणफलकावर सहसा दिसत नाही.

अमेरिकन फुटबॉलमधील आक्रमक फळीच्या खेळाडूची अवस्था नेमकी अशीच आहे. मधला एक, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन ‘गार्ड’ आणि टोकांचे दोन ‘टॅकल’ असे हे पाच जण चेंडूफेक करणाऱ्या क्वार्टरबॅकभोवती भिंत उभी करतात, परंतु त्यांच्या नावावर गुण क्वचितच लागतात. म्हणून तेथील व्यावसायिक संघ इंडियानापोलिस येथील वार्षिक चाचणीत या तरुणांच्या हातांची लांबी मोजतात, २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोंचे वजन ते छातीवरून किती वेळा उचलतात हे पाहतात, आणि शेवटी सामन्यांच्या चित्रफिती समोर ठेवून पायांची चाल तपासतात. हाताची लांबी फुटपट्टीने मोजता येते, पायाचा शहाणपणा मात्र चित्रफितीतच सापडतो, हे मोजमापाच्या त्या देशालाही मान्य करावे लागले आहे.

दोन्ही खेळांत एक मोठा फरक आहे. अमेरिकन फळीतील खेळाडूचे वजन १३५ किलोंच्या पुढे सहज जाते आणि ते वाढवण्यास बंदी नसते. कबड्डीत प्रौढ पुरुष गटासाठी ८५ किलोंची मर्यादा आहे. त्यामुळे येथे वजन किती, यापेक्षा ते कोणत्या क्षणी व कोणत्या दिशेने टाकले जाते, याला महत्त्व येते. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते आणि स्पर्श झाल्यावरच ते खेळासाठी खुले होते. ही मर्यादा ओळखून चढाईपटूला स्पर्शाआधीच तिकडे पाय टाकायला लावणे, अथवा धरल्यानंतर त्याच्या जोराचाच उपयोग करून त्याला बाहेर नेणे, हे ज्याला जमते, त्याची ताकद कमी असली तरी चालते.

पारख करणाऱ्याने म्हणून चढाईपटूवरची नजर काढून घेऊन संपूर्ण सामनाभर एका मध्यरक्षकाकडेच पाहावे, आणि हे वाटते तितके सोपे नाही, कारण डोळे आपोआप हालचालीमागे धावतात. निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने ओलांडलीच पाहिजे अशी मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची रेषा, पार होण्याआधीच मध्यरक्षक झडप घालतो का, हे पाहावे. तसे करणारा तरुण महाविद्यालयीन सामन्यात टाळ्या मिळवतो, पण कसलेला चढाईपटू त्या उतावीळपणावरच गुण कमावतो. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत चढाईपटूला गुण आणावाच लागतो, तेव्हा मध्यरक्षक मागे थांबून त्याला आत येऊ देतो का, हेही तपासावे. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असता केलेली पकड ‘अव्वल पकड’ ठरून एक जादा गुण देते. त्या प्रसंगी साखळी विरळ झालेली असते आणि शेजाऱ्याचा आधार नसताना खेळाडूचे खरे पाऊल दिसते. याखेरीज, मातीवर वाढलेल्या खेळाडूचे पाय मॅटवर बुटांसह तितकेच चपळ राहतात का, हा प्रश्न महाराष्ट्रातील गावोगावच्या मैदानांवरून येणाऱ्यांच्या बाबतीत विचारावाच लागतो.

पकडींची संख्या या कामी फसवी ठरते, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धेत समोरचा चढाईपटू कोणत्या तोडीचा होता हे त्या संख्येवरून कळत नाही. वाट मात्र खुली झाली आहे: २०२२ मध्ये नवव्या हंगामाच्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धेच्या अंतिम फेरीतील दोन्ही संघांच्या खेळाडूंचा समावेश करण्यात आला होता. अशा मुलांना निवडताना आकड्यांचा तक्ता वाचणाऱ्यापेक्षा बचावात स्वतः उभा राहिलेला माणूस अधिक विश्वासार्ह मानावा. त्यागराज संकुलात करंडक उंचावणाऱ्या दिल्ली संघाचे प्रशिक्षक जोगिंदर नरवाल हे स्वतः डावे कोपरारक्षक होते, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्लीने पाटणा पायरेट्सला ३७-३६ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा संघाचे कर्णधारही तेच होते.