राब, वारा आणि वणवा

घोडेगावाहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता शिनोली ओलांडून डिंभ्याच्या दिशेने निघाला की बागायत मागे पडत जाते आणि भातखाचरांचा प्रदेश सुरू होतो. चैत्र-वैशाखात या डोंगरउतारांवर ठिकठिकाणी धूर दिसतो. शेतकरी राब भाजत असतात. रोपे टाकावयाच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचावयाचे, वर माती पसरावयाची आणि ते जाळावयाचे, ही सह्याद्रीतील भातशेतीची जुनी रीत. तणाचे बी जळते, राख मिळते, रोप जोमाने वाढते. हीच आग बांध ओलांडते तेव्हा ती वणवा होते. राब आणि वणवा यांमधील अंतर पुष्कळदा वाऱ्याच्या एका झोताएवढेच असते.

राबाविषयीचा वाद नवा नाही. मुंबई सरकारने १८८५ साली नेमलेल्या वन आयोगापुढेही तो आला होता. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला. परंतु आपल्याच खाचरातील राब कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी पेटवावा, हे कोणतेही कलम शिकवीत नाही. ते हवामानच ठरविते.

वाळलेल्या गवतातील ओलावा हवेतील आर्द्रतेबरोबर तासातासाने बदलतो. पहाटे गवत किंचित सादळलेले असते व वारा पडलेला असतो. दुपारी आर्द्रता नीचांकाला जाते, तापलेल्या उतारावरून वारा वर चढू लागतो आणि चढणीला लागलेली आग पुढचे गवत आधीच भाजून काढीत धावते. सर्वांत फसवी वेळ वळवाची. आभाळ भरून आले की राब भिजण्यापूर्वी उरकावा, या घाईने काडी ओढली जाते. पण गडगडाटी ढगातून उतरणारा थंड वारा पावसाच्या आधी पोहोचतो आणि क्षणात दिशा बदलतो. पाऊस येईल तेव्हा येईल. आग तोवर डोंगर चढलेली असते.

जाणता शेतकरी राब वाऱ्याच्या खालच्या अंगाने पेटवितो. आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते, जमीन नीट भाजते आणि ज्वाळा आवाक्यात राहतात. तथापि अनुभव वा उपकरणे यांवर विसंबून गाफील राहता येत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एप्रिल २०२२ मध्ये वनखात्याने आखणी करून लावलेली आग अवचित वाऱ्याने हाताबाहेर गेली आणि पुढे दुसऱ्या आगीस मिळून ३ लाख ४० हजार एकरांवर पसरली. तेथे प्रशिक्षित माणसे आणि हवामानाचा अंदाज दोन्ही हाताशी होती.

प्रश्न केवळ हवामानाचाही नाही. राबाचा लाभ एका कुटुंबाला मिळतो. वणव्याची किंमत मात्र शेजाऱ्याचा आंबा, गावाचे चराऊ गवत आणि भीमाशंकर अभयारण्यातील शेकरूचा निवारा यांना मोजावी लागते. शिवाय दिवसभर मजुरीला जाणाऱ्याला वाऱ्याची वेळ निवडण्याची मुभा नसते. तो आपल्या सवडीच्या वेळी पेटवितो. अशा स्थितीत सरसकट बंदी उलट फळ देते. चोरून आग लावणारा शेजाऱ्याला मदतीला बोलावीत नाही आणि आग सुटली तर प्रथम पळ काढतो.

म्हणून निर्णय एकट्याचा न राहता गावाचा व्हावयास हवा. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय हवामान-अंदाज देण्यास सुरुवात झाली आहे. त्यातील वारा आणि आर्द्रता यांचे आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत, राबाचे दिवस ग्रामसभेने ठरवावेत, आधी सभोवार जाळरेषा काढावी, पाणी आणि हिरव्या डहाळ्या घेऊन चार माणसे उभी असावीत आणि निखारे विझल्याखेरीज कोणी घरी जाऊ नये. वळवाचे ढग दिसले तर काडी पेटीतच राहावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वन राखण्याचा अधिकार दिला आहे. त्याचा असाही उपयोग आहे. एक दिवस थांबल्याने राब वाया जात नाही. जळालेला डोंगर हिरवा होण्यास मात्र किती पावसाळे लागतील, ते कोणी सांगू शकत नाही.